घातक कोणाला?

एखादी वस्तू ‘घातक’ केव्हा ठरते, हा वरवर पाहता रसायनशास्त्राचा प्रश्न वाटतो. पण आपल्या नगरपालिकांच्या कायद्यांचा इतिहास चाळला की ध्यानात येते, विष तेच असते. ते कोणाच्या हातून जाते यावर त्याची घातकता ठरत आलेली आहे. फुटलेली ट्यूबलाइट, टोचण्याची सुई, तळाशी ॲसिड उरलेली बाटली, मुदत संपलेली औषधे, ढेकूण मारण्याच्या औषधाचा डबा, संपलेले सेल. असा माल कारखान्यात निघाला तर त्याला स्वतंत्र गाडी, इस्पितळात निघाला तर स्वतंत्र रंगाची पिशवी. घरात निघाला की त्याचे नाव कालपरवापर्यंत एकच होते : केर. आणि केर उचलणारी माणसे या समाजाने जन्मानेच नेमून ठेवलेली होती.

म्हणून हा प्रश्न ‘पर्यावरण’ या गोंडस सदराखाली सोडून देणे आपल्याला परवडणारे नाही.

१

१८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात ‘हलालखोर’ हा शब्द होता. पिढीजात मैला वाहणाऱ्यांचे हे नाव कायद्याने त्या सेवेलाच दिले, आणि त्या सेवेपोटी घ्यायच्या करालाही. म्हणजे आधुनिक नगरशासन आले तेव्हा त्याने जातीचा धंदा मोडला नाही. तो करपट्टीत बसवला. याच कायद्याने गोळा केलेला केरकचरा महापालिकेची मालमत्ता ठरवला. माल महापालिकेचा, कर महापालिकेचा, अन् त्यातला धोका तेवढा वाहणाऱ्याचा! ब्रिटिश अमदानीत अनेक प्रांतांच्या नगरपालिका कायद्यांत तर झाडूवाल्याने सूचना न देता काम सोडणे हा शिक्षापात्र गुन्हा होता.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्यानंतर शहराचा कचरा रेल्वेने देवनारच्या दलदलीकडे जाऊ लागला. शहर स्वच्छ करणे याचा अर्थ घाण दूर नेऊन टाकणे एवढाच घेतला गेला. पुढे त्याच देवनारच्या कडेला दलित-मुसलमान कष्टकऱ्यांच्या वस्त्या उभ्या राहिल्या. शहराचे ‘दूर’ हे कोणाचे तरी अंगण असते, हे त्या नकाशावर आजही वाचता येते.

येथे कामे वाटलेली नाहीत, काम करणारी माणसेच वाटलेली आहेत, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली दाखवून दिले. त्याच दशकात त्यांनी मुंबईत म्युनिसिपल कामगारांचा संघ उभारला, हा योगायोग नव्हे. झाडू हातात असलेल्या माणसाला त्यांनी दयेचा विषय मानले नाही. त्याला कामगार मानले.

२

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने १९४९ साली वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या राहणीची चौकशी करणारी समिती नेमली. तिचा अहवाल १९५२ साली आला. पुढे केंद्राने मलकानी समिती नेमली. १९९३ आणि २०१३ साली कायदे झाले. या साऱ्यांचे लक्ष डोक्यावरून मैला वाहण्यावर होते, आणि ते योग्यच होते. पण त्यातून एक पळवाट उरली. २०१३ च्या कायद्याने मैला कोठे हाताळला तर गुन्हा, याची यादी केली : अस्वच्छ संडास, उघडे गटार, खड्डा, रेल्वेमार्ग आणि शासन ठरवील अशा इतर जागा. डायपरची पिशवी या यादीत नावाने नाही. पाटी गेली, पिशवी आली. पिशवीतला मैला आणि पिशवी उघडणारा हात तोच राहिला.

३

डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळची वायुदुर्घटना झाली. १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा आला, १९८९ साली कारखान्यांच्या घातक कचऱ्याचे नियम आले, १९९८ साली इस्पितळांच्या कचऱ्याचे. शहरी कचऱ्याचा प्रश्न १९९६ साली अल्मित्रा पटेल यांच्या याचिकेने सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २००० साली नागरी घनकचऱ्याचे नियम निघाले. या नियमांतली एक तरतूद प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावी. कचरा हाताने हाताळण्यास मनाई आहे, असे तिने सांगितले. आणि लगेच पुढे सांगितले की, अपरिहार्य असेल तर योग्य खबरदारी घेऊन हाताळावा. या ‘अपरिहार्य’ शब्दातून सगळी वर्णव्यवस्था आत आली. शतकानुशतके आमचे हात अपरिहार्यच होते!

त्याच काळात कचरा वाहतुकीचे काम कायम कामगारांकडून कंत्राटदारांकडे जाऊ लागले. मुंबईत गाडीवर कचरा चढवणाऱ्यास मोटर लोडर म्हणतात. गाडीचा दाब बसला की आतली बाटली फुटते आणि तिच्यातला द्रव मागे उभ्या असलेल्या लोडरच्या तोंडावर उडतो. ट्यूबलाइट फुटली की पाऱ्याची वाफ त्याच्याच श्वासात जाते. आणि हा माणूस महापालिकेचा कामगारच नव्हे, असा पवित्रा महापालिका घेत राहिली. कचरा वाहतूक श्रमिक संघाने हा लढा न्यायालयात नेला आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांना कायम करण्याच्या बाजूने निकाल दिला. घातक कचऱ्याच्या धोरणावरच्या चर्चांत या निकालाचा उल्लेख होत नाही. व्हायला हवा. कारण ज्याची हजेरी नाही, त्याच्या जखमेची नोंद कोण ठेवणार?

४

पुण्याचा अनुभव वेगळा आहे. येथे कचरा वेचणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया दलित समाजातल्या, त्यांतल्या कित्येक घरांना १९७२ च्या दुष्काळाने गाव सोडायला लावलेले. १९९३ साली बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. पुढे तिच्यातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ साली महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली.

या बायांनी एक साधी गोष्ट केली. वापरलेले पॅड उघडे टाकू नका, गुंडाळून द्या, असे त्यांनी घराघरांना सांगितले. त्यासाठी रद्दी कागदाच्या पिशव्या स्वतः बनवल्या. २०१३ साली तर अशा वापरलेल्या मालाच्या पिशव्या त्यांनी उत्पादक कंपन्यांकडेच परत धाडल्या. नफा तुमचा, घाण आमची का, हा तो सवाल होता. नियमांच्या आधी हातांनी धोरण सांगितले, हे इतिहासात नोंदले गेले पाहिजे.

५

२०१६ च्या नियमांनी ‘घरगुती घातक कचरा’ हे नाव अखेर दिले. दर वीस चौरस किलोमीटरला एक जमा केंद्र, तेथून सुरक्षित वाहतूक, कामगारांना हातमोजे, बूट, मास्क. मुंबईचे क्षेत्रफळ सुमारे ४३८ चौरस किलोमीटर. साधा हिशेब किमान बावीस केंद्रांचा होतो. आपल्या घरची फुटलेली ट्यूबलाइट घेऊन केंद्रापर्यंत चालत जाईल असा घरमालक किती जणांनी पाहिला आहे? बहुतेक घरांतून ती जाते मोलकरणीच्या हातून, इतर केराबरोबर.

हे जमणारच नव्हते असे मात्र कोणी म्हणू नये. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने विलगीकरणातल्या घरांचा कचरा पिवळ्या पिशवीत, वेगळा, नेमलेल्या माणसांकडूनच न्यावा असे फर्मान काढले. दशकानुदशके जे सुचले नाही, ते काही आठवड्यांत सुचले. कारण उघड आहे. या वेळी विष वाहणाऱ्याच्या हातावर थांबणारे नव्हते. ते दार ठोठावून परत येणारे होते.

१ मे २०२५ पासून मुंबई महापालिकेने सॅनिटरी आणि विशेष काळजीच्या कचऱ्यासाठी नोंदणी करणाऱ्या गृहनिर्माण संस्था, वसतिगृहे, ब्यूटी पार्लर यांच्याकडून वेगळे संकलन सुरू केले. १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख घेऊन केंद्राचे नवे नियमही आले : ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा, असे चार भाग. ही पावले स्वागतार्ह आहेत. पण ‘विशेष काळजी’ कोणाची? कचऱ्याची, की तो उचलणाऱ्याची?

आपल्या विद्यार्थ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी वॉर्ड ऑफिसात जाऊन विचारावे : घातक कचऱ्याची वेगळी पेटी किती गाड्यांवर आहे? सुई टोचलेल्या कामगाराची नोंद कोणत्या वहीत होते? धनुर्वाताची आणि काविळीची लस किती जणांना दिली? गाडीवरचा माणूस कोणाच्या हजेरीपटावर आहे? आणि झोपडपट्टीतला घातक कचरा कोण नेतो? उत्तरे लेखी घ्यावीत. कचऱ्याचे चार भाग करणे सोपे आहे. तो उचलणारा हात एकाच बाजूच्या वस्तीतून का येतो, हे विचारल्याशिवाय त्या चार डब्यांना अर्थ नाही.