हर्ब कर्न यांच्या नोंदी

डिसेंबरात स्टॉकहोमला दुपारी तीनच्या आतच सूर्य मावळतो. इथल्या पहिल्या हिवाळ्यात मला सकाळी उठवेना, साध्या बगला अख्खा दिवस लागायचा. फोनवर आई म्हणाली, "अरे, घरची आठवण येतेय तुला." मलाही ते पटलं. दुसऱ्या वर्षी सहज माझ्या कमिट्सचा आलेख पाहिला, तर दोन्ही हिवाळ्यांत तोच खड्डा. घरची आठवण कॅलेंडर बघून थोडीच येते?

शोधाशोधीत हर्ब कर्न सापडले. हे अमेरिकन अभियंते स्वतःच्या मनःस्थितीच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवत. दिवस मोठे होताना उत्साह, लहान होताना घसरण. याचा उजेडाशी संबंध असावा, हा तर्क त्यांचा स्वतःचा. म्हणजे पेशंटचा, डॉक्टरांचा नव्हे.

रात्री स्रवणारं मेलाटोनिन प्राण्यांत उजेडाने थांबतं, हे ठाऊक होतं. माणसांत तसं होत नाही, असा समज होता. 1980 मध्ये आल्फ्रेड ल्युई आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की माणसांतही ते थांबतं, फक्त त्यांच्या प्रयोगात उजेड प्रखर लागला. 500 लक्स पुरले नाहीत, 2500 लागले. आपल्याला लख्ख वाटणारा घरातला दिवा त्या प्रयोगाच्या हिशेबात फारच मंद.

कर्न अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत याच संशोधकांकडे गेले. उपचार अगदी बाळबोध होता: सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 4 ते 7 प्रखर दिव्यांसमोर बसायचं. हिवाळ्यातल्या दिवसाला दोन्ही टोकांना ठिगळ! चार दिवसांत ते सावरू लागले. 1982 मध्ये त्यावर निबंध आला. एकाच माणसावरचा प्रयोग, पुरावा म्हणून तोकडा.

संस्थेतलेच नॉर्मन रोझेन्थाल मूळचे जोहान्सबर्गचे. न्यूयॉर्कच्या हिवाळ्याचा झटका त्यांनी स्वतः अनुभवला होता. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये 29 रुग्णांचा अभ्यास मांडला आणि आजाराला नाव दिलं, सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर. आद्याक्षरं जोडली की 'सॅड'. हे बारसं मला जरा जास्तच चलाख वाटतं. पण नाव मिळण्याआधी याला आळसच म्हणत असणार. मीही तेच म्हणत होतो.

आता टेबलावर 10,000 लक्सचा दिवा आहे, उठल्यावर अर्धा तास. तो घेण्याआधी डॉक्टरांनी बायपोलरची लक्षणं नाहीत ना, हे तपासलं. तसं असेल तर उजेडाने उन्माद चाळवू शकतो. लहानपणी आई तिन्हीसांजेला विचारायची, तोच प्रश्न हल्ली सकाळी फोनवर विचारते, "दिवा लावलास का रे?"