ऑक्टोपसचे आठ पाय

मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही. पण वर्गात इंग्रजी शिकवताना आव असा, की लॅटिन जणू माझे आजोळ! एकदा एका मुलाने अनेकवचन लिहिले ‘ऑक्टोपसेस’. मी तांबड्या शाईने काट मारली, वर ‘ऑक्टोपाय’ लिहिले आणि वर्गाला त्याच्यावर मनसोक्त हसू दिले. रेडियसचे रेडिआय होते, मग याचे का नाही?

का नाही, ते कितीतरी वर्षांनी कळले. रेडियस अस्सल लॅटिन. त्यातला ‘अस’ हा प्रत्यय. तो जाऊन अनेकवचनाचा ‘आय’ येतो. ऑक्टोपस मात्र मूळचा ग्रीक. ‘ऑक्टो’ म्हणजे आपले अष्ट, ‘पूस’ म्हणजे आपला पाद. शेवटचा ‘अस’ प्रत्यय नव्हेच, तो पायाचा तुकडा! ग्रीकात अनेकवचन ‘ऑक्टोपोडेस’. फाउलरने १९२६ च्या आपल्या कोशात ‘ऑक्टोपाय’ चूक ठरवले आणि पसंती दिली ती ‘ऑक्टोपसेस’ला. आजचे कोश दोन्ही रूपे नोंदवतात, ही त्यांची उदारता.

‘इग्नोरॅमस’ची गंमत आणखी निराळी. लॅटिनमध्ये ते नाम नाही, क्रियापद आहे : ‘आम्हांला ठाऊक नाही’. पुरावा अपुरा पडला की इंग्लंडातले पंच आरोपपत्रावर हा शेरा मारीत. १६१५ साली केंब्रिजला राजा जेम्सपुढे जॉर्ज रगलचे याच नावाचे नाटक झाले. त्यातल्या वकिलामुळे शब्दाला ‘अडाणी’ हा अर्थ चिकटला. क्रियापदाला ‘आय’ कुठून लागणार? अनेकवचन इग्नोरॅमसेस. माझ्या वर्गात त्या दिवशी एकच होता, म्हणून अनेकवचनाची गरज पडली नाही.

गेल्या वर्षी एस. टी. स्टँडवर तो मुलगा भेटला. आता चांगला बाप्या झालेला. मी म्हणालो, “तुझे ऑक्टोपसेस बरोबर होते रे.”

तो हसला. “अर्धा गुण गेला होता, सर. मग आता सांगा, बसचे अनेकवचन काय?”

बस म्हणजे ऑम्निबसची शेपटी. लंडनात शिलिबीअरने १८२९ साली पॅडिंग्टन ते बँक अशी तीन घोड्यांची ऑम्निबस सुरू केली. या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘सर्वांसाठी’. आपल्या ‘सर्वेभ्यः’सारखे चतुर्थीचे अनेकवचन. तो ‘भ्यः’ आणि हा ‘बस’ मुळात एकाच घरचे. आपण सारे चढतो ते एका प्रत्ययात!

“बस अनेकवचनीच आहे,” मी म्हणालो.

“आणि आम्ही ‘बसेस’ म्हणतो ते?”

तेवढ्यात गाडी लागली. गर्दीतून पुढे होऊन त्याने खिडकीतून रुमाल टाकला आणि माझी जागा धरली.