पन्नाशींतील शिष्या

पन्नाशी गांठली कीं मनुष्यानें नव्या विद्येच्या खटपटीस लागूं नये, पूर्वी शिकलेल्या विद्येचें व्याज खात बसावें, असा आपल्या सुशिक्षित वर्गांत एक अलिखित संकेत आहे. आम्हां अध्यापकांत तर तो विशेषच दृढ आहे. म्हणून लू अँड्रियास-सालोमी या विदुषीच्या उत्तरायुष्याकडे वाचकांचें लक्ष वेधावें, असें आम्हांस वाटतें.

या बाईंचें नांव निघतें तें बहुधा दुसऱ्यांच्या चरित्रांत. १८८२ सालीं रोम येथें नीत्शेची गांठ पडली, १८९७ मध्यें कवि रिल्के याच्याशीं स्नेह जडला, एवढ्यावर पुष्कळ चरित्रकार संतुष्ट असतात. वस्तुतः कादंबऱ्या, निबंध व नीत्शेवरील १८९४ चा ग्रंथ यांमुळें जर्मन वाङ्मयांत त्यांस स्वतःची प्रतिष्ठा होती. पति गटिंगेनच्या विद्यापीठांत इराणी भाषांचे प्राध्यापक. उणें असें कांहीं नव्हतें.

१९११ च्या सप्टेंबरांत वायमार येथें मनोविश्लेषकांची परिषद भरली. तेथें त्यांनीं फ्रॉइडला प्रथम पाहिलें. त्यांचा जन्म १८६१ चा. म्हणजे वय पन्नास. पुढील वर्षीं त्या व्हिएन्नास गेल्या, आणि फ्रॉइडच्या व्याख्यानांस व बुधवारच्या बैठकींस विद्यार्थिनीप्रमाणें बसूं लागल्या. फ्रॉइड व ॲड्लर यांची फारकत नुकतीच झाली होती. तरी बाई प्रथम दोहोंकडे जात, आणि फ्रॉइडनें तें चालवून घेतलें. त्यानंतर गटिंगेनला परतून त्यांनीं स्वतः रुग्ण पाहण्यास आरंभ केला.

परंतु या सर्वांहून आम्हांस एक लहान गोष्ट अधिक बोलकी वाटते. १९१२ च्या आरंभीं रिल्के मनोविश्लेषणाचा उपचार करून घेण्याच्या विचारांत होता. या विद्येनें नुकत्याच भारावलेल्या बाईंनींच त्याला त्यापासून परावृत्त केलें. त्याच्या निर्मितीच्या झऱ्यास धक्का लागेल अशी त्यांस धास्ती होती. नवशिका वैद्य ज्याला त्याला आपलीच मात्रा देऊं पाहतो. येथें मात्र औषध कोणास देऊं नये हें आधीं कळलें. तीस वर्षें माणसांविषयीं लिहिल्याचें हें फळ असावें.

त्यांच्यापाशीं वैद्यकाची पदवी नव्हती. असे उपचारक भोंदू समजावेत काय, हा वाद थिओडोर राइक याच्यावरील फिर्यादीमुळें व्हिएन्नांत पेटला, आणि १९२६ मध्यें फ्रॉइडनें पदवीहीनांची बाजू घेऊन एक पुस्तकच लिहिलें. आमच्या मतें पदवीचा आग्रह सर्वस्वीं गैर नाहीं. ज्याच्या हातीं दुसऱ्याचें मन सोंपवावयाचें त्याची कांहींतरी परीक्षा हवीच. पण ती केवळ शरीरशास्त्राची कां असावी, हा फ्रॉइडचा प्रश्न अद्याप पुसला गेलेला नाहीं.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत चलन कवडीमोल झालें, तेव्हां बाई दिवसाला दहा-दहा तास रुग्णांचें ऐकत बसत. त्याबद्दल फ्रॉइडनें त्यांची कानउघाडणीही केली. १९३३ मध्यें त्याचीं पुस्तकें बर्लिनांत जाळलीं गेलीं, तरी त्या गटिंगेन सोडून गेल्या नाहींत. १९३७ सालीं तेथेंच त्या वारल्या. फ्रॉइडनें लिहिलेल्या छोट्याशा मृत्युलेखांत, त्यांच्या आयुष्याचीं शेवटचीं पंचवीस वर्षें मनोविश्लेषणाचीं होतीं, अशी नोंद आहे.