चाक ते आकाश : फिरत्या इंजिनाची गोष्ट

फारसीतून उर्दूत आलेला 'चर्ख' हा शब्द वर्गात शिकवताना मुलांना नेहमी गंमत वाटते. त्याचा एक अर्थ चाक आणि दुसरा अर्थ आकाश. आपला मराठी 'चरखा' त्याच घरातला. जुन्या शायरांना आकाश फिरते वाटायचे, म्हणून चाक आणि आकाश एकाच शब्दात मावले. पण विमानाच्या इतिहासाकडे पाहिले, की हा शब्द वेगळ्याच अर्थाने खरा ठरतो. आकाशात जायचे तर आधी काहीतरी गरगर फिरवावे लागते. ते कसे फिरवायचे, या प्रश्नावर माणसाने आठशे वर्षे डोके चालवले आहे.

सुरुवात अल-जझरी यांच्यापासून करू. दियारबकरच्या अर्तुकी दरबारातले हे कारागीर. १२०६ मध्ये त्यांनी आपल्या यंत्रांचा ग्रंथ पूर्ण केला. त्यात पाणी उपसणारा एक पंप आहे. चाक फिरते आणि त्याला जोडलेल्या दांड्यामुळे दट्ट्या पुढे-मागे होतो. फिरण्याचे रूपांतर पुढे-मागे होण्यात करणारी ही जोडणी. आज तुमच्या मोटारसायकलमध्ये ती उलट्या दिशेने चालते. पेट्रोलच्या स्फोटाने पिस्टन खाली-वर होतो आणि क्रँक त्याचे फिरण्यात रूपांतर करते. पण यात एक गैरसोय आहे. पिस्टन प्रत्येक टोकाला थांबतो, वळतो आणि पुन्हा धावतो. या थांबण्या-धावण्यातून हादरे येतात, झीज होते, सुट्या भागांची संख्या वाढते. मग सगळे फक्त फिरतेच ठेवता येणार नाही का?

पहिले उत्तर फ्रान्सच्या सेगँ बंधूंनी दिले. १९०८ साली त्यांनी दाखवलेल्या 'नोम' इंजिनात सात सिलिंडर चाकाच्या आऱ्यांसारखे गोलाकार बसवले होते. मधला दांडा विमानाला घट्ट बसवलेला आणि संपूर्ण इंजिनच पंख्यासकट त्याच्याभोवती फिरणारे! फिरण्यामुळे वारा लागून सिलिंडर आपोआप थंड राहत. पाण्याची टाकी नको, रेडिएटर नको, म्हणून वजन कमी. ताकद साधारण ५० अश्वशक्ती. १९०९ च्या ऱ्हेम्सच्या मेळाव्यात याच इंजिनावर आंरी फारमान यांनी १८० किलोमीटर अंतर कापले.

या इंजिनाचे आपल्याशी एक नाते आहे. त्याला वंगण म्हणून एरंडेल लागे. इंजिनात हवा आणि पेट्रोलचे मिश्रण आतूनच जायचे. साधे खनिज तेल पेट्रोलमध्ये विरघळून पातळ होई, एरंडेल सहज विरघळत नसे. वापरलेले तेल मात्र बाहेर उडायचे, थेट वैमानिकाच्या तोंडावर. पोटावर त्याचा काय परिणाम होतो हे आपल्या आज्यांना विचारायची गरज नाही. आमच्या ठाकुरवाडीत उकिरड्याच्या कडेला, बांधावर एरंड आपोआप उगवतो, कोणी ढुंकून पाहत नाही. पहिल्या महायुद्धात त्याच एरंडाच्या तेलावर लढाऊ विमाने उडत होती. सरदार हरदितसिंग मलिक यांनी चालवलेले सॉपविथ कॅमल हे विमान असल्याच इंजिनाचे. या इंजिनाचा दोष त्याच्या गुणातच होता. एवढे जड चाक नाकावर फिरत असल्यामुळे विमान वळताना एका बाजूला झटकन ओढले जाई. शिकाऊ वैमानिकांचे जीव त्यात गेले. वेग कमी-जास्त करण्याची सोयही धड नव्हती. बटण दाबून ठिणगी क्षणभर बंद करायची आणि पुन्हा सोडायची. युद्ध संपले आणि ही इंजिनेही मागे पडली.

दुसरे उत्तर जर्मनीच्या फेलिक्स वांकेल यांचे. त्यांच्याकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. त्यांच्या कल्पनेवरचे पहिले इंजिन एनएसयू कंपनीत फेब्रुवारी १९५७ मध्ये चालले. आज ज्या सोप्या रूपात ते ओळखले जाते, ते रूप मात्र त्याच कंपनीतल्या हान्स डीटर पाश्के यांनी दिले. यात पिस्टनच नाही. फुगीर बाजूंचा एक त्रिकोण, म्हणजे रोटर, मध्ये किंचित चिमटलेल्या लंबगोल पोकळीत फिरतो. हवा घेणे, दाबणे, पेटवणे आणि धूर बाहेर टाकणे ही चारही कामे त्याच्या तीन बाजूंवर एकामागून एक चालू असतात. रोटर एकदा फिरतो तेव्हा बाहेरचा दांडा तीनदा फिरतो. दोन रोटरच्या इंजिनात मुख्य फिरणारे भाग तीनच : दोन रोटर आणि एक दांडा. व्हॉल्व्ह नाहीत, हादरे जवळजवळ नाहीत.

अडचण होती त्रिकोणाच्या टोकांची. तिथे बसवलेल्या पातळ पट्ट्यांनी, म्हणजे एपेक्स सीलनी, भिंतीला सतत चिकटून राहायला हवे. एनएसयूची १९६७ ची 'रो ८०' ही गाडी याच पट्ट्यांपायी बदनाम झाली. जपानच्या माझदा कंपनीत केनिची यामामोतो यांच्या ४७ जणांच्या गटाला इंजिनाच्या आतल्या भिंतीवर लाटांसारखे ओरखडे सापडत. त्यांना ते 'सैतानाच्या नखांचे ओरखडे' म्हणत. पट्टीचा पदार्थ आणि आकार बदलत त्यांनी तो सैतान काबूत आणला आणि १९६७ मध्ये 'कॉस्मो' बाजारात उतरवली. १९९१ मध्ये माझदाने चार रोटरच्या गाडीने ल मॉंची २४ तासांची शर्यतही जिंकली.

आता येतात घरी विमान बांधणारे लोक. अमेरिकेत १९५३ मध्ये त्यांची संघटना उभी राहिली. तिथल्या नियमाप्रमाणे निम्म्याहून अधिक काम स्वतः केले, तर असे विमान नोंदवता येते. विमानाचे प्रमाणित इंजिन फार महाग. मग काहींची नजर माझदाच्या मोडीत निघालेल्या गाड्यांतल्या १३०८ सीसीच्या '१३बी' इंजिनाकडे गेली. लहान, हलके आणि स्वस्त. त्यांचा मुख्य युक्तिवाद असा, की पिस्टनच्या इंजिनात एखादा व्हॉल्व्ह किंवा दांडा तुटला तर सगळे क्षणात थांबू शकते, रोटरी मात्र बहुतेक वेळा ताकद गमावत का होईना, फिरत राहते. खाली उतरायला शेत शोधण्याइतका वेळ मिळणे हेच वैमानिकाचे आयुष्य.

पण गाडीचे इंजिन उचलून विमानात ठेवले आणि उडालो, असे होत नाही. आमच्या ठाकुरवाडीवरून जाणारी घाटाची रेल्वेलाइन ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे लगेच कळेल. कर्जतपर्यंत एका इंजिनावर आलेल्या गाडीला घाट चढण्यासाठी मागून बँकर इंजिने लावावी लागतात, कारण पुढे सदतीस फुटांना एक फूट चढ आहे. सपाट रस्त्यावर मोटारीचे इंजिन आपल्या ताकदीचा लहानसा हिस्साच वापरते. विमानात मात्र त्याला सत्तर-पंचाहत्तर टक्के ताकद सतत द्यावी लागते. म्हणजे खोपोली ते खंडाळा हा चढ तीन तास न थांबता चढत राहणे.

म्हणून ट्यूनिंग. इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्यांच्या आसपास चांगली ताकद देते, पण पंखा त्या वेगाने फिरवला तर त्याची टोके आवाजाच्या वेगाजवळ जाऊन ताकद वाया जाते. मध्ये गिअर घालून पंखा २७०० च्या आसपास आणावा लागतो. प्रत्येक रोटरला दोन स्पार्क प्लग असतात, एक आधी आणि एक किंचित नंतर पेटणारा. त्यांची वेळ जुळवायची. चुकीच्या वेळी भडका उडून नॉकिंग झाले, तर एपेक्स सील तुटते. इंधन आणि हवेचे प्रमाण जमिनीवर जुळवले तरी ८,००० फुटांवर हवा सुमारे पाचव्या हिश्श्याने विरळ होते, तेव्हा ते पुन्हा जुळवायचे. धूर इतका तापलेला बाहेर पडतो की साधा सायलेन्सर टिकत नाही. इंजिनाच्या उष्णतेचा मोठा वाटा तेल वाहून नेते, म्हणून पाण्याच्या रेडिएटरइतकीच तेलाच्या कूलरची काळजी. इंधनपंप दोन, ठिणगीची व्यवस्था दोन, कारण आकाशात रस्त्याच्या कडेला थांबता येत नाही.

हे सगळे जपान-अमेरिकेचेच, असे समजू नका. अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, संरक्षण खात्याची व्हीआरडीई ही वाहन संशोधन संस्था आहे. 'निशांत' या वैमानिकाविना उडणाऱ्या विमानासाठी परदेशी वांकेल इंजिन आणावे लागे. ते इथे बनवायचे ठरले. मुख्य इंजिन आणि आतल्या पोकळीवरचा निकेल व सिलिकॉन कार्बाइडचा कठीण थर बंगळुरूच्या एनएएलने केला, ठिणगी आणि इंधनाची व्यवस्था नगरने. ५५ अश्वशक्तीचे ते इंजिन लावून एप्रिल २००९ मध्ये कोलारच्या धावपट्टीजवळ निशांत सुमारे चाळीस मिनिटे उडाले. पुढे सैन्याकडची निशांत विमाने अपघातात गेली आणि योजना थांबली. पण देशात वांकेल इंजिन बनले आणि उडाले, ही नोंद राहिली.

घरच्या विमानाची गोष्ट मुंबईची. वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. इंजिन रोटरी नाही, पण जिद्द तीच. विमान सुटे करून खाली उतरवावे लागले. २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी ते पाहिले, २०१७ मध्ये नोंदणी मिळाली आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून चाचणीचे उड्डाण झाले. बांधण्याइतकीच वर्षे कागदपत्रांत गेली.

आता मुद्द्याचे. आपल्या समाजात 'विमानाचा शोध आमचाच' हे वाक्य फार आवडीने बोलले जाते. एक जण अब्बास इब्न फिर्नास यांचे नाव घेतो, दुसरा १८९५ च्या शिवकर बापूजी तळपदे यांचे. इब्न फिर्नास नवव्या शतकात कोर्दोव्यात उडाले, हे सांगणारा मुख्य ग्रंथ सुमारे साडेसातशे वर्षांनंतरचा. तळपदेंच्या उड्डाणाचा तपासता येईल असा आराखडा कुणाच्या हाती नाही, आणि ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा दाखला दिला जातो त्यातली विमाने उडू शकत नाहीत, असे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये दाखवून दिले. दोघांच्याही हिमतीला सलाम. पण दाव्यावर इंजिन चालत नाही.

याउलट अल-जझरी पाहा. त्यांनी प्रत्येक भागाचे माप, धातू आणि जोडणी लिहून ठेवली. १९७६ मध्ये लंडनला त्या लिखाणावरून त्यांचे पाणघड्याळ पुन्हा बांधले गेले आणि ते चालले. किंवा आपल्याच तालुक्यातली नेरळ-माथेरान रेल्वे घ्या. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी ती १९०७ मध्ये सुरू केली. डोंगराची वळणे इतकी आवळ की नेहमीची इंजिने चालेनात. मग चाके वळणात सरकू शकतील अशी खास इंजिने बनवून घेतली. जागेप्रमाणे इंजिन जुळवणे म्हणजे ट्यूनिंगच.

आपल्या मोहल्ल्यांत हे हुनर कमी नाही. कुठल्याही गॅरेजमध्ये एखादे चाचा नुसत्या आवाजावरून सांगतात की टायमिंग हलले आहे. पण ते ज्ञान कानात आहे, वहीत नाही. चाचा गेले की ते जाते. आणि त्यांच्या हाताखालचा चौदा वर्षांचा मुलगा, ज्याचे बोट आधीच अचूक चालते, शाळा सोडून बसलेला असतो, कारण गणित आणि भाषा त्याच्या कामाच्या नाहीत असे कुणीतरी त्याला सांगितले आहे. घरी विमान बांधणारा माणूस दर चाचणीनंतर फेऱ्या, तापमान, दाब, प्रमाण लिहून ठेवतो. पुढचे उड्डाण त्या वहीवर होते. त्या मुलाला आधी एक वही द्या. उर्दूत लिहू दे की मराठीत, पण आज काय बदलले आणि काय झाले, एवढे त्याने रोज लिहावे.