एकाच थैलीतले मोहरे

ईदच्या दुसऱ्या दिवशी आपाकडे गेलो होतो. जेवणं आटोपली तसा भाचा मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसला. थोड्या वेळाने वैतागून म्हणाला, "मामू, मला हवा तो मोहरा येतच नाहीये. कुणीतरी सगळे उचललेत." आपाने आतूनच विचारलं, "हा जुगार तर खेळत नाहीये ना?"

दोघांनाही मला उत्तर देता आलं नाही. एखादी गोष्ट कळली नाही की तिची सुरुवात कुठे झाली ते शोधायची मला सवय आहे. या वेळीही तेच केलं.

भाचा खेळतो त्या प्रकाराला ऑटो-बॅटलर म्हणतात. आठ खेळाडू असतात. प्रत्येकासमोर दर फेरीत एक छोटं दुकान मांडलं जातं. खेळातली नाणी मोजून त्यातले मोहरे घ्यायचे आणि पटावर लावायचे. लढाई मोहरे आपोआप लढतात, आपलं काम फक्त निवडीचं. एकसारखे तीन मोहरे जमले की त्यांचा एक बलवान मोहरा होतो, नऊ जमले की त्याहून बलवान. त्यामुळे एकच मोहरा पुन्हा पुन्हा मिळवण्यावर सगळं अडलेलं असतं.

या प्रकाराला लोकप्रियता मिळाली ती २०१९च्या जानेवारीत. ड्रोडो नावाच्या चिनी गटाने 'डोटा २' या गाजलेल्या खेळाच्या आत 'डोटा ऑटो चेस' नावाचा खेळ तयार केला. त्याचं यश पाहून त्याच वर्षी जूनमध्ये व्हॉल्व्हचा 'डोटा अंडरलॉर्ड्स' आणि रायट गेम्सचा 'टीमफाइट टॅक्टिक्स' आला, नोव्हेंबरमध्ये ब्लिझार्डचं 'बॅटलग्राउंड्स'. एका वर्षात एक नवा प्रकार उभा राहिला. या सर्वांनी ऑटो चेसकडून एक नियम जसाच्या तसा घेतला: आठही खेळाडूंचे मोहरे एकाच सामायिक साठ्यातून येतात.

हा साठा मोजका असतो. टीमफाइट टॅक्टिक्सच्या सुरुवातीला एका नाण्याच्या प्रत्येक मोहऱ्याच्या ३९ प्रती होत्या, दोन नाण्यांच्या २६, तीनच्या २१, चारच्या १३ आणि पाच नाण्यांच्या फक्त १०. आता हिशोब करा. सर्वांत महाग मोहऱ्याच्या नऊ प्रती जमवायच्या असतील, तर दहापैकी नऊ एकट्याकडे हव्यात. दुसऱ्या दोघांनी एकेक प्रत जरी उचलली, तरी उरतात आठ. ते स्वप्न तिथेच संपलं. स्वस्त मोहऱ्याचं तसं नाही. ३९मध्ये चार जणांचे नऊ-नऊ पूर्ण होऊन वर तीन उरतात. पुढे ३९चा आकडा २९ झाला, तेव्हा चारांच्या जागी तिघांचीच सोय राहिली. एक आकडा बदलला आणि चौथ्या माणसाला वाट बदलावी लागली.

दुकानात काय दिसेल, हेही या साठ्यावरच ठरतं. आधी खेळाडूच्या पातळीप्रमाणे मोहऱ्याची किंमत ठरते, मग त्या किमतीचे जे मोहरे साठ्यात शिल्लक असतील त्यांतून एक निघतो. समजा एका किमतीचे आठ प्रकारचे मोहरे आहेत, प्रत्येकाचे दहा. एकूण ८०. आपल्याला हवा तो निघण्याची शक्यता शेकडा साडेबारा. इतरांनी त्यातलेच सहा उचलले, तर ७४मध्ये चार उरले. शक्यता शेकडा साडेपाचच्याही किंचित खाली आली. बाकीच्या प्रत्येक प्रकाराची मात्र साडेतेरापर्यंत चढली. गर्दी नसलेल्या वाटेने जाणाऱ्याचं नशीब असं आपोआप सुधारतं. कुणी मोहरा विकला की तो साठ्यात परततो. कुणी हरून बाहेर पडला की त्याचेही सगळे परततात.

ही कल्पना संगणकाच्या जमान्यातली नाही. ऑटो चेसच्या कर्त्यांना प्रेरणा मिळाली माहजाँग या चिनी खेळाकडून. १९व्या शतकात चीनमध्ये आकाराला आलेल्या या खेळात ३४ प्रकारच्या सोंगट्या असतात, प्रत्येकीच्या चार, म्हणजे १३६. (फुलांच्या सोंगट्या धरल्या तर १४४.) चौघे एकाच ढिगातून उचलतात. एखाद्या सोंगटीच्या चारही प्रती समोर पडलेल्या दिसल्या, की पाचवीची वाट पाहण्यात अर्थ नसतो. चांगला खेळाडू आपल्या हातापेक्षा टाकलेल्या सोंगट्यांकडे जास्त बघतो.

आपल्याकडेही मोजक्या पानांचा असा एक खेळ आहे. माहजाँगशी त्याचं नातं सांगता येणार नाही, पण बुद्धी तीच लागते. १५२७ साली बादशहा बाबरने सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद खुद्द बाबरनाम्यात आहे. शाह हसनला या खेळाची आवड होती आणि त्याने पानं मागवली होती. मुघल गंजिफ्यात आठ रंग आणि ९६ पानं. दख्खनमध्ये हाच खेळ दशावतारी झाला, दहा अवतारांचे दहा रंग आणि १२० पानं. ही गोल पानं सावंतवाडीत आजही रंगवली जातात. गंजिफ्यात आपलं पान हुकमी झालं की नाही, हे त्याच्यावरची पानं खेळून संपली आहेत का, यावर ठरतं. ज्याला गेलेली पानं आठवत नाहीत, त्याच्या हातातल्या चांगल्या पानालाही किंमत नाही.

तेव्हा आपाच्या प्रश्नाचं उत्तर मला दोन भागांत द्यावं लागलं. सामायिक साठ्यात नशीब आहेच, पण ते मोजक्या वस्तूंचं नशीब आहे. थैलीत किती होते हे माहीत आहे, किती गेले हे शेजाऱ्यांच्या पटावर दिसतं, आणि लागणारी नाणी खेळापुरतीच असतात. पण याच खेळांच्या भोवती दुसरंही एक दुकान असतं. टीमफाइट टॅक्टिक्समध्ये पहिल्याच वर्षी अंडी विकली गेली. खऱ्या पैशांचं अंडं घ्यायचं, आतून शोभेचा कोणता प्राणी निघेल ते फोडल्यावर कळणार. तिथे सामायिक साठा नाही. कितीही जणांनी कितीही अंडी फोडली, तरी थैली रिकामी होत नाही. मोजायला काही नसतं आणि शेजाऱ्याकडे बघून काही कळत नाही. खिसा तेवढा रिकामा होतो. आपाची भीती इथे रास्त आहे.

हे सगळं मी पुढच्या भेटीत सांगितलं. आपाने ऐकून घेतलं आणि फोनला जोडलेलं कार्ड त्याच दिवशी काढून टाकलं. खेळ बंद केला नाही.

भाच्याला मी एवढंच विचारलं, "तुझा मोहरा येत नव्हता, तेव्हा बाकीच्या सात जणांचे पट पाहिले होतेस का?" तो म्हणाला, "नाही मामू. मी फक्त माझं दुकान बघत होतो."

मग त्याने पाहिले. तिघे जण त्याच मोहऱ्याच्या मागे होते.