'मैदान' आणि 'मायदान': एका शब्दाचे इंग्रजीतील दुसरे आगमन

'मैदान' हा शब्द इंग्रजीत दोनदा आला. पहिल्यांदा तो हिंदुस्थानातून गेला. 1886 सालच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन कोशात त्याची नोंद आहे आणि फॉर्स्टरच्या 'अ पॅसेज टु इंडिया' (1924) या कादंबरीच्या प्रारंभीच्या नगरवर्णनात एक लंबवर्तुळाकार मैदान येते. या वापरात शब्दाला केवळ स्थलवाचक अर्थ आहे: छावणीलगतची किंवा शहरामधली मोकळी जागा. साहेबी वसाहतीची सारी दृश्यरचना त्या शब्दाभोवती उभी असली, तरी व्याकरणदृष्ट्या तो एक निरुपद्रवी सामान्यनामच राहिला.

दुसरे आगमन युक्रेनियनमधून झाले. मूळ तोच फार्सी-अरबी शब्द. मराठीत तो फार्सीतून आला, तर युक्रेनियनमध्ये तुर्की भाषांच्या वाटेने. तेथे चौकासाठी 'प्लोश्चा' हा स्लाव्ह शब्द असताना 'मायदान' बाजाराच्या, गावसभेच्या जागेसाठी रूढ होता. (जंगलातील डांबर गाळण्याच्या ठिकाणालाही हाच शब्द होता, ही गंमत नोंदवण्याजोगी.) 1991 साली कीव्हमधील ऑक्टोबर क्रांती चौकाचे 'मायदान नेझालेझ्नोस्ती', म्हणजे स्वातंत्र्य मैदान, असे नामकरण झाले, तेव्हा सोव्हिएत नाव पुसताना निवडला गेलेला शब्द सभेची स्मृती बाळगणारा होता.

2004 च्या नारिंगी क्रांतीनंतर, आणि विशेषतः नोव्हेंबर 2013 ते फेब्रुवारी 2014 या काळातील उठावानंतर, या शब्दाचे इंग्रजी वाक्यातील वर्तन लक्षणीय ठरते. आरंभी तो 'इंडिपेंडन्स स्क्वेअर' या भाषांतराच्या आडोशाने वावरत होता. पुढे भाषांतर गळाले. युक्रेनियनला, मराठीप्रमाणेच, उपपद नाही. इंग्रजीला त्यावाचून चालत नाही. त्यामुळे 'ऑन द मायदान' आणि 'ऑन मायदान' अशी दोन्ही रूपे शेजारी नांदू लागली. येथील 'ऑन'मागे युक्रेनियन 'ना'चा आधार दिसतो. इंग्रजी चौकात माणसे एरवी 'इन' असतात. मराठी वाचकाला हा भेद परका वाटू नये: आपण सभेला मैदानावर जमतो, पण झुंजीला मैदानात उतरतो.

'आफ्टर मायदान' या रचनेत मात्र उपपदच नव्हे, तर जागाही लोपते. 'आफ्टर' हे अव्यय येथे कालवाचक आहे. त्याच्यापुढे येणारे नाम घटनेचे असावे लागते. स्थळाने घटनेची जागा घेतली. मुंबईच्या आझाद मैदानावरही मोर्चे येऊन थांबतात. परंतु इंग्रजी वाक्यात आझाद मैदान स्वतः मोर्चा होत नाही.

हे लक्षणेचे कार्य निष्पाप नाही. युक्रेनमध्ये या उठावाचे रूढ नाव 'प्रतिष्ठेची क्रांती' असे आहे. शंभराच्या आसपास आंदोलकांचे प्राण गेले, त्या अनुभवाचा नैतिक दावा या नावात उच्चारला जातो. इंग्रजी वाक्य 'मायदान' पसंत करते, कारण तो शब्द आटोपशीर आहे आणि कोणताही निवाडा देत नाही. पण निवाडा न देणाऱ्या शब्दात कोणीही आपला निवाडा भरू शकतो. रशियन राज्यसत्तेच्या प्रचारात तोच शब्द परकीय प्रेरणेच्या बंडाचा पर्याय झाला, आणि 'आणखी एक मायदान' हे धमकीवजा भाकीत इंग्रजी वृत्तलेखनातही उतरले. त्या रचनेत अनिश्चित संख्येमुळे शब्द पुन्हा सामान्यनाम होतो. आद्याक्षर मात्र मोठेच राहते.