नाताळची कौटुंबिक छायाचित्रे : एक ऐतिहासिक साधन

बर्लिनमधील रिचर्ड व आना वाग्नर ह्या दांपत्याने १९०० पासून १९४२ पर्यंत नाताळच्या पूर्वसंध्येस घरीच स्वतःची छायाचित्रे घेण्याचा परिपाठ ठेवला; शुभेच्छापत्रे म्हणून ती आप्तेष्टांस धाडली जात. शृंगारलेले झाड, भेटवस्तूंचे मेज आणि उभयता पतिपत्नी, ही मांडणी बहुतांशी कायम राहिली. त्यामुळेच तीत घडलेला फरक इतिहासदृष्ट्या बोलका ठरतो. १९१७ च्या छायाचित्रात दोघेही घरात जाड कोट घालून आहेत. महायुद्धकालीन कोळशाच्या टंचाईची ती साक्ष होय. सणाचे चित्र मुद्दाम मांडलेले असते, नित्याचे कष्ट त्यात सहसा उमटत नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. तथापि अशा साधनाचे प्रामाण्य एकेका चित्रात नसून त्यांच्या क्रमात असते. तो क्रम विस्कटल्यास १९१७ चे कोट हा निव्वळ पेहराव उरेल.